टाकीवरचं नाव कोणाचं? जुना पितळी स्टोव्ह कुणी घडवला हे शोधायची माझी पद्धत

बुधवारी गंगेवर बाजार भरतो तेव्हा जुन्या लोखंडाचे ढीग मांडून बसणारे दोघं-तिघं मला आता लांबूनच ओळखतात. (बाहेरगावच्यांसाठी: आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) मध्यंतरी त्यातल्या एकाने पितळी स्टोव्ह पुढे केला. "ताई, स्वीडनचा आहे. अडीच हजार." टाकीवर खरंच इंग्रजी अक्षरं होती. मी तो उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला, पंपाची दांडी ओढून पाहिली आणि घासाघीस करून सातशेला घेतला. स्वीडनचा तो नव्हताच. असता तर मी कदाचित घेतलाही नसता. स्वीडनच्या स्टोव्हची कुंडली मांडणारे जगभर आहेत. मला हवे असतात ते आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत, गल्लीतल्या चार माणसांच्या वर्कशॉपमध्ये झालेले. त्यांची कुंडली कुणी लिहिलेली नाही, ती स्टोव्हवरूनच वाचावी लागते.

माझ्या वडिलांचं, भाऊंचं, भद्रकालीत स्टोव्ह-कंदील दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं. शाळेतून आले की निपल (बर्नरचा बारीक भोकाचा भाग) रॉकेलमध्ये भिजवून पिन मारून साफ करणं हे माझं काम. त्या पगाराचे खारे शेंगदाणे यायचे. पुढे घरोघरी गॅस आला, दुकान मिटलं, मी बँकेत लागले. निवृत्तीनंतर पहिला स्टोव्ह विकत घेतला तो फक्त त्याचा भर्रर्र आवाज ऐकायला. आज पोटमाळ्यावर एक्केचाळीस आहेत. घरातले वैतागलेत, पण तो विषय वेगळा.

तर पद्धत सांगते.

नाव दिसलं की लगेच विश्वास ठेवू नका

पंप मारून पेटवायचा, काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने काढला. त्याचं नाव 'प्रायमस'. त्यामागून ऑप्टिमस, रेडियस, स्वेआ असे त्याचेच स्वीडिश भाऊबंद आले. रचना इतकी साधी आणि चोख होती की पुढे जगभर तीच घडण उचलली गेली. खाली पितळी टाकी, बाजूला पंप, वर बर्नर, तीन पाय, पायांवर कडं. म्हणून स्वीडनचा, मुंबईचा आणि नाशिकचा स्टोव्ह चार हातांवरून सारखाच दिसतो, आणि माणूस नाव वाचायला धावतो. इथेच पाय घसरतो.

एका स्टोव्हवर चार वेगवेगळी नावं असू शकतात. घडवणाऱ्याचं, विकणाऱ्या दुकानदाराचं, बर्नर बनवणाऱ्याचं आणि मालकाचं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत. लग्नात मामाने दिलेल्या पातेल्यावर मामाचं नाव, तारीख, कधी गावही. भांडी बाजारात घेतलेली वस्तू तिथल्या तिथे नाव घालून मिळते. मग स्टोव्ह त्यातून कसा सुटेल? माझ्याकडच्या एका मोठ्या स्टोव्हच्या टाकीवर तीन ठळक अक्षरं होती. चार वर्षं मी वहीत ती कारखान्याचं नाव म्हणून मिरवली. त्याच अक्षरांचं घंगाळ एका घरी पाहिलं आणि विचारलं, तर ते निघालं भजनी मंडळ! भंडाऱ्याला चहा करायचा म्हणून मंडळाने घेतलेला स्टोव्ह.

फरक कसा ओळखायचा? मालकाचं नाव बहुधा ठिपक्याठिपक्यांनी किंवा छिन्नीच्या बारीक टोच्यांनी घातलेलं असतं. ओळ थोडी वर-खाली जाते, कारण तयार टाकीच्या गोलाईवर हात घसरतो. घडवणाऱ्याचा ठसा पत्रा सपाट असताना किंवा डायमध्येच (दाबायच्या साच्यातच) बसलेला असतो. अक्षरं सारख्या खोलीची, टाकीच्या गोलाईबरोबर वळलेली, आणि वर्षानुवर्षं घासून त्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झालेल्या. दुकानदाराचं नाव पुष्कळदा वेगळ्या पट्टीवर असतं आणि ती पट्टी टाकीला डाग देऊन (कथील वितळवून) चिकटवलेली असते. पट्टीच्या कडेने नखं फिरवा, उंचवटा लागतो. पट्टीवर 'मेकर्स' लिहिलंय म्हणून त्याने बनवलाच असं नाही. माल दुसऱ्याकडून घेऊन आपली पट्टी मारणं हा सर्रास चालणारा धंदा होता, त्यात कुणाला वावगंही वाटायचं नाही.

बर्नरवरचं नाव तर सोडूनच द्या. बर्नर हा झिजणारा भाग. नळ्यांत कार्बन धरला, आटे गेले, की बदलायचा. वेगवेगळ्या कारखान्यांचे बर्नर एकमेकांच्या टाकीला बसावेत अशाच मापाचे आटे असायचे. भाऊ वर्षातून दोनदा मुंबईहून बर्नर डझनाने आणायचे आणि ज्याच्या त्याच्या स्टोव्हवर चढवायचे. बर्नर पाहून स्टोव्हचं गाव ठरवणं म्हणजे टायर पाहून सायकलची कंपनी सांगण्यासारखं.

अक्षरांवरून काळ

कुणी केला हे कळलं नाही तरी केव्हाचा हे बऱ्यापैकी कळतं. त्यासाठी काही खुणा मी पाठ करून ठेवल्या आहेत.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ठसा १९७२ नंतरचा, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आले. आमच्या शहराचा ४२२ ००१ दिसला की मी मनातल्या मनात उडी मारते, पण अजून तो फक्त दुकानदारांच्या पट्ट्यांवरच सापडलाय. नुसतं 'बॉम्बे ३' असं असेल तर तो जुना पोस्टाचा विभाग. पण लोक पिनकोड आल्यावरही तसंच लिहीत राहिले, म्हणून त्यावर फार भार टाकू नका. टाकीचं माप पिंटात असेल तर दशमान पद्धतीच्या आधीची घडण. वजन-मापांचा कायदा १९५६ चा, आणि त्यानंतर काही वर्षांत लिटर रुळला. 'रजिस्टर्ड ट्रेड मार्क' असेल तर लक्षात ठेवा की देशभरासाठीचा ट्रेड मार्क कायदाच मुळी १९४० चा आहे. आयएसआयचा शिक्का असेल तर स्वातंत्र्यानंतरचा, हे उघड आहे. ती संस्था १९४७ ची, आणि मालावर शिक्का मारण्याचा कायदा १९५२ चा. पंपाच्या स्टोव्हचं मानक आय. एस. १३४२, ते कोरलेलं असेल तर हा गल्लीतला माल नसून रीतसर परवाना घेतलेल्या कारखान्याचा आहे. खुद्द प्रायमसवाल्यांनी १९११ पासून टाकीवर वर्षाचं अक्षर मारायला सुरुवात केली, 'ए'पासून. 'स्वीडनचा' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर आधी ते अक्षर शोधा.

यात एक मेख आहे. डाय करायला पैसे पडतात. एकदा केलेला डाय छोटा कारखानदार मोडेपर्यंत वापरतो. म्हणजे ठशावरून 'याच्या आधीचा नाही' एवढंच ठरतं, 'याच्या नंतरचा नाही' हे ठरत नाही. ती दुसरी बाजू मला अनेकदा दुरुस्तीवाल्यांनी दिली. भाऊ दुरुस्त केलेल्या स्टोव्हच्या तळाला खिळ्याने महिना-वर्ष ओरखडायचे, म्हणजे गिऱ्हाईक "मागच्याच महिन्यात वॉशर टाकला होता" म्हणून भांडायला आलं तर दाखवता यायचं. इतरही दुरुस्तीवाले असं करत. तळ चमकवण्याआधी तिरप्या उजेडात नीट बघा. ३/७४ असं काही दिसलं, तर मार्च १९७४ मध्ये हा स्टोव्ह होता आणि तेव्हा त्याला दुखणंही होतं, हे पक्कं.

टाकी वाचायची

आता खरं काम. पाय बदललेले असतात, कडं दुसऱ्याचं असतं, बर्नरचं सांगितलंच. टाकी मात्र बदलत नाही. टाकी बदलली म्हणजे स्टोव्हच बदलला.

टॉर्च घ्या आणि टाकीला आडवा, अगदी चाटून जाणारा उजेड टाका. तीनपैकी काहीतरी दिसेल. एक, अगदी एकसारखी गोलाई, कुठेही रेघ नाही. म्हणजे पत्रा प्रेसमध्ये डायवर दाबलेला, मोठ्या कारखान्याचं काम. दोन, गोलाईभर बारीक वर्तुळं, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशी. म्हणजे पत्र्याची चकती लेथवर फिरवून, दांड्याने साच्यावर दाबत दाबत बसवलेली. याला कारागीर स्पिनिंग म्हणतात. एक लेथ आणि एक कसलेला माणूस एवढ्यावर हे होतं, म्हणून छोट्या वर्कशॉपचा माल बहुतेक असाच. तीन, ठोक्यांचे पैलू. हे तांबटाचं मठारकाम. अख्खी टाकी ठोकून केलेला स्टोव्ह माझ्याकडे एकच आहे. पण चेपलेल्या टाकीची दुरुस्ती तांबटाने केली असेल तर तेवढ्या जागी पैलू दिसतात, तेव्हा फसू नका.

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी फार जुन्या काळापासून नावाजलेली, आणि तांबट लेनमध्ये ठोक्यांचा आवाज मी लहानपणी रोज ऐकलेला. तिथल्या एका म्हाताऱ्या मामांनी मला टाकी बघायला शिकवलं. मी कौतुकाने स्टोव्हवरचं नक्षीदार नाव दाखवलं, तर ते म्हणाले, "नाव काय बघती? नाव ठोकायला पोरगं बसवतात. हात बघायचा तर जोड बघ."

टाकीचे दोन भाग असतात, वरचा घुमट आणि खालचा तळ. दोन्हींच्या कडा एकमेकींत अडकवून वर कथलाचा डाग देतात. मामांनी शिकवलेलं असं: चांगल्या हाताचा डाग कडेच्या आत मुरलेला असतो, बाहेर केसाएवढी रेघ. घाईच्या हाताचा डाग बाहेर ओघळतो, मग तो कानशीने घासून काढतात, आणि घासल्याचे ओरखडे जोडाच्या वर-खाली राहतात. कुणी ओरखडे आडवे काढतो, कुणी तिरपे. हे वाचून हसू येईल, पण एकाच वर्कशॉपच्या दोन टाक्या शेजारी ठेवल्या की ओरखड्यांचा कल जुळतो. माझ्याकडचे सहा स्टोव्ह एकाच हाताचे आहेत, असं मी याच एका गोष्टीवरून म्हणते. सहाही सिन्नर-नाशिक पट्ट्यात मिळाले. पैकी तिघांवर तीन वेगळ्या दुकानांच्या पट्ट्या आहेत आणि तिघांवर काहीच नाही.

घरात जुना बंब किंवा तांब्याचा हंडा असेल तर त्याचाही जोड एकदा बघा. तिथे करवतीच्या दातांसारखी नागमोडी रेघ दिसेल. पत्र्याच्या कडा दात्यांसारख्या कापून एकमेकींत बसवलेल्या आणि वर पक्की झाळ. स्टोव्हच्या टाकीला असा दातेरी जोड सापडला तर तो कारखान्याचा नक्कीच नाही, बंब करणाऱ्या माणसाने हौसेने किंवा मागणीवरून केलेला. असा एक मी पाहिला आहे. विकायला तयार नाहीत. दर दिवाळीला फोन करते.

पंपाकडे जाऊ. पंपाची नळी टाकीत किती तिरपी घुसली आहे, दांडीची मूठ लाकडी की पितळी, टोपीवर खाचा किती, हे प्रत्येक वर्कशॉपचं ठरलेलं असे, कारण तेवढे सुटे भाग ते स्वतः लेथवर काढत. टोपीच्या कडेच्या खाचा मोजा आणि वहीत लिहा. मला सुरुवातीला हा वेडेपणा वाटला होता. आता पहिल्यांदा तेच मोजते.

घेण्याआधी तडा बघा

गोठ्यात किंवा गोठ्याला लागून पडवीत वर्षानुवर्षं पडलेला स्टोव्ह कितीही स्वस्त मिळाला तरी जपून. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ साठवलेली असली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढून-दाबून घडवलेल्या पितळेत शिल्लक राहिलेला ताण, या तिघांचा तो प्रताप होता, असं १९२१ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. लेथवर दाबलेल्या टाकीतही तसाच ताण असतो, आणि गाई-म्हशीच्या मुतातही अमोनिया. हे तडे केसासारखे, जोडाच्या जवळ किंवा पंपाच्या नळीभोवती. वरून पॉलिश केलं की लपतात. मी ओल्या बोटाने खडूची पूड चोळते आणि फडक्याने पुसते. तड्यात पांढरी रेघ राहते.

तळही बघा. तो आत वळलेला हवा. बाहेर फुगला असेल तर कधीतरी आत नको इतका दाब झाला होता. असा स्टोव्ह शोभेला ठेवा, पेटवू नका.

लालसर, तांब्यासारखे डाग म्हणजे पितळेतलं जस्त निघून गेलेलं. पुष्कळदा हा आपल्याच अति-स्वच्छतेचा परिणाम असतो. रात्रभर चिंचेत बुडवून ठेवणारे महाभाग मला भेटलेत. चिंच लावायची ती पाच मिनिटं, चोळायची, धुवायची, लगेच कोरडं करायचं. पितांबरीनेही काम होतं. काचकागद मात्र अजिबात नको. त्याने ओरखड्यांचा कल जातो, खिळ्याची तारीख जाते, आणि मग तुमच्या हातात फक्त चकचकीत पितळ उरतं.

पाण्याची परीक्षा

पेटवायचा असो वा नसो, ही परीक्षा कराच. त्यातून टाकीच्या घडणीतल्या कच्च्या जागा कळतात.

आधी पंपाचा वॉशर. तो चामड्याचा, वाटीसारखा असतो. सुकून आक्रसला असेल तर दांडी ओढल्यावर दाबच लागत नाही. एरंडेलात रात्रभर भिजवा, मऊ होतो. खोबरेल नको, आमच्याकडे थंडीत ते बाटलीत थिजतं, तसं ते पंपातही थिजतं. पंपाच्या तळाशी छोटा व्हॉल्व असतो. तो हवा आत सोडतो, बाहेर येऊ देत नाही. त्यातली बारीक चकती गेलेली असते, म्हणून दांडी आपोआप वर येते किंवा पंपातून रॉकेल गळतं. ती चकती सायकलच्या ट्यूबमधून कापू नका. साधं रबर रॉकेलने फुगतं. नायट्राइल रबर घ्या, सातपूर-अंबडकडे ऑइल सील विकणाऱ्यांकडे चार आण्याच्या किमतीचा तुकडा सहज देतात.

मग रिकाम्या टाकीला बर्नरच्या जागी बूच घट्ट बसवा, हवेची चावी (टाकीतला दाब सोडायचा स्क्रू) आवळा, सात-आठ पंप मारा आणि स्टोव्ह बादलीत बुडवा. बुडबुडे कुठून येतात ते बघा. चावीतून येत असतील तर वॉशर बदलून काम भागेल. जोडातून येत असतील तर डाग सुटलाय, तो जाणकाराकडूनच करून घ्या. मी एकदा शहाणपणा करून गॅसच्या आगीवर स्वतः डाग द्यायला गेले. जोडाचं कथील वितळून पंपाची नळीच सुटून हातात आली. कथील फार थोड्या आचेवर पाघळतं, आणि टाकीतला प्रत्येक जोड त्याच्यावरच उभा असतो.

पेटवायचं म्हणाल तर मी वर्षातून एकदा, अंगणात, एकेकच पेटवते. टाकी पाऊण भरायची, त्याहून जास्त नाही. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट घालून ते जळू द्यायचं. त्या आचेने नळ्या तापतात, आतलं रॉकेल वाफ होऊन निपलच्या भोकातून सुटतं आणि हवेत मिसळून निळं जळतं. नळ्या तापायच्या आधी पंप मारला की रॉकेल पातळच उडतं आणि पिवळा भडका होतो. भडका झाला तर फुंकू नका, हवेची चावी सैल करा. पेट्रोल कधीही, गमतीतही, घालू नका. सिंथेटिक साडी, ओढणी लांब. जुन्या काळचा काकडा (स्पिरिटमध्ये भिजवून बर्नर तापवायचा) सापडला, तर त्याच्या टोकाला ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते उसवू नका, फुंकू नका, पिशवीत बंद करून ठेवा.

लहानपणी पेपरात 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता जखमी' ही ओळ दर थोड्या दिवसांनी असायची. भाऊ ती वाचून म्हणायचे, "इतके स्टोव्ह मी दुरुस्त केले, सासूच्या अंगावर कसा कधी भडकला नाही?" स्टोव्ह गोळा करणाऱ्या माणसाने हेही माहीत असू द्यावं. म्हणून कुणाच्या घरी स्टोव्हची चौकशी करताना मी आधी घरातल्या बायकांचे चेहरे बघते.

पत्र्याच्या शेगड्या आणि इतर मंडळी

पितळेइतका मान यांना नाही, पण घडवणाऱ्याचा काळ सांगण्यात या सरस. जुन्या पत्र्याच्या शेगड्या आणि भुश्याच्या शेगड्या रॉकेलच्या, तेलाच्या, डालडाच्या डब्यांपासून करत. पत्रेवाला डबा उलगडायचा आणि छापील बाजू आत ठेवून शेगडी वळायचा. म्हणून आत बघा. राखेखाली बर्मा-शेलची अक्षरं निघाली तर डबा १९७६ च्या सरकारीकरणाआधीचा. डालडा असेल तर १९३७ नंतरचा. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) शेगडीवर ओतकामातच उठून आलेली अक्षरं असतील तर ती बहुधा ओतणाऱ्याची, कारण साच्यात अक्षरं कोरणं मालकाच्या हातात नसतं. हा एकच प्रकार जिथे मी नावावर निम्मा विश्वास टाकते.

कंदीलवाले या बाबतीत वेगळे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आपलं नाव ताठ मानेने मिरवायचा. कलकत्त्याच्या इंदुमाधव मलिक यांनी १९१० साली काढलेला इकमिक कुकरही नावानेच घराघरात गेला. एकावर एक डबे, खाली कोळशाची छोटी शेगडी. नाव नसलेल्यांचीच जात स्टोव्हवाल्यांची.

माणसांना कसं विचारायचं

"तुमच्याकडे पूर्वी स्टोव्ह बनायचे का?" असं विचारलं की उत्तर 'हो' येतं. माणसं भली असतात, तुमचं मन मोडत नाहीत. त्यापेक्षा असं विचारा: लेथ कोणत्या बाजूला होता? पत्रा चकती कापून यायचा की ताव यायचा? डाग कोण द्यायचं? टोपीला खाचा कशाने पाडायचे? ज्याच्या घरी खरंच काम व्हायचं तो याची उत्तरं देताना हात हलवायला लागतो. हवेत लेथचा दांडा धरतो. मला बोहरपट्टीत एका आजोबांनी असा दांडा धरून दाखवला. त्यांच्या दुकानाने पुढे स्टीलची भांडी विकली, पण त्यांच्या खांद्याला तो कोन अजून आठवत होता. त्यांच्याकडून नाव मिळालं नाही, पण नाशिकमध्ये टाकी फिरवून बर्नर मुंबईचा चढवणारं एक ठिकाण होतं, एवढं वहीत आलं. तेवढ्यासाठी तीन चहा प्यायले.

जुनी बिलं मागा. स्टोव्हपेक्षा बिल जास्त बोलतं. 'स्टोव्ह टाकी नग १२' असं वेगळं लिहिलेलं बिल सापडलं तर विकत घ्या, मागतील त्या किमतीला.

वहीत प्रत्येक स्टोव्हला एक पान. कुठे मिळाला, कुणी दिला ते नात्याने (नाव लिहायला लोक बिचकतात, "मावशींच्या सासरचा" चालतं), टाकी कशी घडलेली, जोडाचा ओरखडा कुठल्या कलाचा, खाचा किती, कोणतं नाव कुठे आणि ते चारपैकी कोणाचं. कोणाचं ते ठरत नसेल तर 'नाव आहे, घडवणारा अज्ञात' असं स्वच्छ लिहा. त्या सातशेच्या स्टोव्हच्या पानावर तेच लिहिलंय. खाचा सोळा, ओरखडे तिरपे, उजवीकडे झुकलेले. सिन्नरच्या सहांना खाचा बारा आहेत.

आणि मृग लागायच्या आत सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या करून, हवेच्या चाव्या सैल सोडून, वॉशरला एरंडेलाचं बोट लावून ठेवा. चावी आवळलेली राहिली तर पावसाळ्यानंतर ती पकडीनेही उघडत नाही, आणि पकड लावली की टोपीच्या खाचा गेल्याच.